जुनी डिस्क, तुमचीच समजा

९ मेहर, मंगळवार

लॅपटॉप सुरू केला, चहा टाकला, मुरू दिला, ओतला, प्यायले. तेव्हा कुठे पडद्यावर माझी चित्रं उगवली. माझा नवरा इरज म्हणतो, "तुझा लॅपटॉप माझ्या थोरल्या आत्यासारखा आहे. उठायला अर्धा दिवस आणि उठल्यावर नुसतं कण्हणं." कण्हतो हे खरं आहे. आज मी त्याच्या कडेला कान लावून बसले. आत काहीतरी घरघरत फिरतं, मधेच टक्‌ करतं, पुन्हा फिरतं. काय असेल आत? इतकी वर्षं रोज मांडीवर घेते आणि त्याच्या पोटात काय आहे ते मला माहीत नाही, हे काही बरं नाही.

गालिचा विणणाऱ्या सकीनाचा रावरहून फोन आला. "बाई, खोड इणून झालं. फांद्या फुटाय लागल्यात. वरचं कागद कवा धाडताव?" मी म्हटलं, पाठवते. म्हणाली, "आबान महिना लागायच्या आत धाडा. मागावर बसायला दुसरं काम वाट बघतंय. न्हाईतर हाय तसं कापून खाली उतरवीन, मग बोल लावू नगा."

ती बोलते ते करते. पण वरचा अर्धा नकाशा मी मुद्दाम दिलेला नाही, कारण पक्षी अजून मनासारखे बसत नाहीत. एक चौकडी म्हणजे एक गाठ. एका पक्ष्याची मान जरा इकडची तिकडे झाली तर गालिच्यात ती कायमची वाकडी. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांत रंग भरले. हा पहिला माझा. साध्या गालिच्यात खालचा अर्धा उलटा करून वर लावला की काम भागतं. माझं झाड तसं नाही. मुळं खाली, पक्षी वर, आणि एक पक्षी दुसऱ्यासारखा नाही. म्हणून लॅपटॉप आधी धड करायला हवा. एक पान हलवायचं म्हटलं तरी बया रुसून बसते.

११ मेहर, गुरुवार

नवी डिस्क आणली. सुपारीच्या पुडीएवढी हलकी! आत म्हणे काहीच फिरत नाही. मग चालते कशी? दुकानदाराने समजावलं, मला अर्धं कळलं. जुनी डिस्क बसवायला एक पारदर्शक डबीही घेतली. तार जोडली की बाहेरून वापरता येते.

पैसे द्यायला गेले तर म्हणाला, "राहू द्या हो खानूम, तुमच्यापुढे या डिस्कचं काय!" मी म्हटलं, "छे छे, असं कसं?" "खरंच राहू द्या, तुमचंच दुकान." "नाही, घ्याच." तिसऱ्यांदा घेतले. एवढा तारोफ, म्हणजे आम्हा इराण्यांचा हा नको-नको, घ्या-घ्याचा शिष्टाचार, तर आमचा रोटीवालासुद्धा करतो. खरोखर तशीच निघाले असते तर बिचारा चपला न घालता मागे धावत आला असता.

"बसवून देऊ का?" असंही विचारलं त्याने. मी नको म्हटलं. आत काय आहे ते मलाच बघायचंय.

१२ मेहर, शुक्रवार

उघडला! दुपारी इरज मॅच बघत होता तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर चादर अंथरली आणि लॅपटॉप पालथा घातला. त्याआधी डबीत नवी डिस्क घालून तारेने जोडली आणि जुन्यातलं नव्यात उतरवून घेतलं. नवी डिस्क जरा लहान आहे, म्हणून सगळं मावेना. मग फक्त सी ड्राइव्ह घेतला. विंडोज, डेस्कटॉप, माझं सगळं तिथेच दिसतं. डी मध्ये इरजच्या मॅची आहेत, त्या राहू देत जुनीवर.

मग स्क्रू. एकेक काढून वाटीत टाकत गेले. जुन्या बँक कार्डाने कड उचकटली तर अशी करकरली की इरज आतून ओरडला, "काय मोडलंस?" मी म्हटलं, "तुझं डोकं." झाकण निघालं आणि मी बघतच राहिले. केवढी धूळ! आणि धुळीखाली केवढी नीट मांडणी. जुनी डिस्क कोपऱ्यात होती, चांगली जड, बोटांना अजून कोमट लागत होती. मला उगाच वाईट वाटलं तिच्यासाठी.

नवी बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं. मी चहाचं भांडं हातात घेईपर्यंत सुरू! इरजला हाक मारली. तो आला, बघितलं, म्हणाला, "आता तू चहा कधी पिणार?"

डेस्कटॉपवर सगळ्या खुणा जागच्या जागी. झाड वरचं, झाड खालचं, पक्षी. वाटीत एक स्क्रू उरला. कुठला कोण जाणे. चालतंय ना? मग झालं.

१६ मेहर, मंगळवार

या गुरुवारी माझ्या लेकीला, शीदाला, मागणी घालायला येणार आहेत. मुलगा कामयार, तिच्याच कॉलेजातला. दोघांचं आपापसात ठरलेलं आहे हे मला दिसतं, पण मला दिसतं हे शीदाला दिसत नाही. कामयारचे वडील आगा माहानी आणि त्यांची बहीण येतील. आई नाही त्याला.

पडदे धुतले. पक्ष्यांना आठवडाभर हात लावणं काही होत नाही. जुनी डिस्क डबीत घालून दिवाणखान्यात टीव्हीजवळ ठेवली आहे. तार लावली की निळा दिवा लागतो आणि ती मंद घुमते. इरज तिच्यावर खूश आहे, त्याच्या सगळ्या मॅची टीव्हीवर दिसतात.

१८ मेहर, गुरुवार

पाहुणे आत्ताच गेले. काय संध्याकाळ झाली!

सुरुवात भयंकर. सगळे ताठ बसलेले. हवापाणी झालं, तब्येती झाल्या, पिस्त्याचं पीक झालं. शीदा चहा घेऊन आली, थेंबही सांडला नाही. आगा माहानींनी साखरेच्या वाटीत बोटं घातली आणि खड्याबरोबर एक स्क्रू वर आला. त्या दिवशीचीच वाटी, न बघता साखर भरलेली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शीदाचं तोंड पांढरंफटक. आगा माहानींनी स्क्रू तळहातावर घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हा लॅपटॉपचा आहे." मी म्हटलं, "हो." "म्हणजे कुणीतरी उघडला होता!" "मी." आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "कसा उघडलात? कड कशाने काढलीत? आत धूळ होती?"

मग काय! लग्नाचं राहिलं बाजूला. मी लॅपटॉप आणला, किती झटकन सुरू होतो ते दाखवलं. मग जुनी डिस्क दाखवली. ती त्यांनी कानाला लावली, हलवली, डबीतून उजेडाकडे धरून पाहिली. "यात काय फिरत असेल हो?" म्हणाले. अगदी माझंच वाक्य. मला इतकं बरं वाटलं की तोंडातून निघून गेलं, "तुम्हाला आवडली? तुमचीच समजा."

"छे छे, भलतंच."
"तुमच्यापुढे काय आहे ती."
"नाही, नाही, तुमच्याच घरात शोभते."
"माझी शपथ, घ्या."
"अहो, नको खरंच."

इथे थांबायचं असतं. शेंबड्या पोरालाही कळतं की इथे थांबायचं. पण गप्पा रंगल्या होत्या, साखरेतल्या स्क्रूची लाज होती, आणि मी चौथ्यांदा म्हटलं, "घेतली नाहीत तर मला वाईट वाटेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डिस्ककडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग डिस्क कोटाच्या खिशात ठेवली आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "उपकार झाले."

इरज डोळे फाडून बघत होता.

१९ मेहर, शुक्रवार

इरज फुगलाय. सकाळी एकदाच बोलला, "आता पुढच्या वेळी आले की टीव्ही दे."

२१ मेहर, रविवार

कसंबसं लिहिते.

आज पक्ष्यांवर बसायचं म्हणून "झाड वरचं" वर टिचकी मारली. पडद्यावर आलं: सापडत नाही. पुन्हा मारली. सापडत नाही. "पक्षी"? सापडत नाही. शीदाला हाक मारली. तिने दोन मिनिटं बघितलं आणि हळूच विचारलं, "आई, डी पण घेतलंस ना?"

डी मध्ये मॅची आहेत, मी म्हटलं.

नकाशेपण आहेत. दोन वर्षांपूर्वी सी भरलं होतं तेव्हा शीदानेच माझं सगळं डी मध्ये हलवलं आणि डेस्कटॉपवर नुसत्या खुणा ठेवल्या, म्हणजे मला शोधायला नको. मी घराच्या दारावरची पाटी उचलून आणली आणि घर तिथेच ठेवलं. आणि ते घर आता आगा माहानींच्या खिशात आहे.

खालचा अर्धा सकीनाकडे छापलेला आहे. वरचा अर्धा, सगळे पक्षी, आख्ख्या जगात फक्त त्या डिस्कवर. मी मूर्ख आहे, मूर्ख आहे, मूर्ख आहे.

२२ मेहर, सोमवार

इरज म्हणतो, "जा आणि माग. त्यात काय?" त्याला म्हणायला काय जातंय! मुलीला मागणी घालायला आलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने, चार-चारदा आग्रह करून वस्तू द्यायची, आणि चार दिवसांनी दारात उभं राहायचं, "माझी परत द्या हो"? उद्या शीदा त्या घरात गेल्यावर तिची आत्येसासू जन्मभर ऐकवील.

दुपारी त्यांचाच फोन आला! "खानूम, आमच्या घरात जे आहे ते सगळं तुमचंच आहे. केव्हाही या, नुसतं बोट दाखवा." मी म्हटलं, "आपली कृपा. गारठा वाढला नाही?" म्हणाले, "हो, वाढला." मग, "काही राहून गेलं असेल तर संकोच करू नका." मला कळलं, त्यांना शीदाचं उत्तर हवंय. माणूस सभ्य आहे, सरळ विचारत नाही. पण या अवस्थेत मी काय उत्तर देणार? म्हटलं, "अशा गोष्टींना वेळ लागतो हो." "बरं, बरं," म्हणाले. आवाज पडला होता त्यांचा.

२५ मेहर, गुरुवार

कामयार खजूर भरलेल्या कुलुंप्यांचा डबा घेऊन आला. वडिलांनी पाठवलाय. पोरगा गुणी आहे, उभाच राहिला. म्हणाला, "बाबा म्हणत होते, की ती वस्तू—"

आणि मी काय केलं? त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "छे छे! त्या वस्तूचं नाव काढू नकोस बाळा! ती त्यांचीच!" माझी जीभ आहे की रेकॉर्ड? कुणी कळ दाबली की वाजते.

पोरगं गोंधळलं. चहाला बसवलं आणि सहज म्हणून विचारलं, "बाबांना यंत्रांची फारच आवड दिसते?" हसून म्हणाला, "आवड? घरात एक वस्तू न उघडलेली नाही. चहाचा समोवार उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं. फ्रिज उघडला तो पुन्हा बंदच झाला नाही, नवा आणावा लागला."

हातातला कुलुंपा मी तसाच बशीत ठेवला. शीदा म्हणते अशी डिस्क एकदा उघडली, आत धुळीचा कण गेला, की संपलं. आत्ता या क्षणी ते स्क्रूड्रायव्हर शोधत असतील.

२८ मेहर, रविवार

आठवून पुन्हा काढायला बसले. फांद्या जमतात. पक्षी नाही. पाणी पिणारा तो एक, मान वळवून मागे बघणारा, त्याच्यावर मी आख्खा उन्हाळा घालवला होता. आता काढते तो कोंबडीसारखा दिसतो.

सकीनाचा फोन. "बाई, बुंधा हाय, डोस्कं न्हाई. आमची नणंद मोठ्यांदा रंग वाचून दाखवती, तिचा कागद आज सरला. दोघी हातावर हात ठिवून बसलोय. शनवारपतुर बघते, मग कात्री लावते." मी तिला काय सांगू? झाड पाहुण्यांना दिलं म्हणून?

संध्याकाळी शीदा रडत आली. "आई, तुला कामयार पसंत नाही ना?"

मी थक्क. "कोण म्हणालं?"

"त्यांनी फोन केला तर तू गारठ्याचं बोलतेस. वेळ लागतो म्हणतेस. कामयार आला तर त्याला बोलू दिलं नाहीस. ते तिकडे समजतात तुझी मर्जी नाही!"

अरे देवा. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मी कामयारला सांगते, तो आणून देईल." मी ओरडले, "खबरदार! दिलेलं परत मागणाऱ्या बाईची मुलगी म्हणून जायचंय तुला?" तर माझ्या तोंडावर म्हणाली, "झाड कापलेल्या बाईची मुलगी म्हणून जाण्यापेक्षा बरं." आणि दार आपटून गेली.

तेव्हापासून बसून आहे. तिचं लग्न आणि माझं झाड, दोन्ही मी जिभेने घालवते आहे.

३० मेहर, मंगळवार

गेले होते. लोणच्याची बरणी घेऊन, म्हणजे काहीतरी निमित्त असावं.

आगा माहानींनी दार उघडलं आणि त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. "या, या, घर उजळलं," म्हणाले. आत टेबलावर काहीतरी उघडलेलं पडलं होतं, स्क्रू, तारा, झाकण. बघायचं धाडस होईना. मग बघितलं. रेडिओ होता.

बसले. तब्येती विचारून झाल्या. गारठा झाला. लोणचं कसं घातलं ते झालं. चहा आला, दुसरा आला. मला विषय काढता येईना, आणि त्यांचीही काहीतरी चुळबूळ चाललेली. तेही दोनदा "खानूम" म्हणाले आणि "अजून एक खडा घ्या" म्हणून थांबले. मग मलाच रडू फुटलं. पाहुण्यांच्या घरी, त्यांच्या कपात. म्हटलं, "आगा माहानी, माझं झाड तुमच्याकडे आहे."

ते ताडकन उठले. कपाटाला कुलूप होतं. किल्ली गळ्यातल्या साखळीत! आतून तिर्मेच्या भरजरी कापडात गुंडाळलेलं पुडकं काढलं, दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर ठेवलं आणि मटकन बसले. "देवा, सुटलो," म्हणाले.

"तुम्ही उघडली नाहीत?"

"कशी उघडू? ती माझी थोडीच होती?"

"मग घेतलीत का?"

"तुम्ही चौथ्यांदा म्हणालात! तीनदा नाही म्हटलं मी. चौथ्यांदा नाही म्हणालो असतो तर तुम्हाला वाटलं असतं की यांना आपल्या हातचं नको, म्हणजे मुलगीही नको. खिशात घालताना मला घाम फुटला होता. घरी आल्यावर बहीण म्हणाली, अरे, ती बाई रडत असेल. मग फोन केला. म्हटलं, केव्हाही या, बोट दाखवा. तुम्ही म्हणालात गारठा. पोराला पाठवलं, तुम्ही त्याला नावही काढू दिलं नाहीत. आता मी अजून काय करायचं होतं, खानूम? रस्त्यात टाकायची?"

मी रडता रडता हसायला लागले. तेही हसले, आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "दोनदा हातात स्क्रूड्रायव्हर घेतला होता, खोटं का बोलू? म्हणून तर कुलूप. किल्ली बहीण देत नव्हती, आज सकाळीच मागून घेतली. उद्या मी स्वतःच आणून देणार होतो, होईल ते होवो."

निघताना दारात म्हणाले, "आणि ते दुसरं? पोरांचं?" मी म्हटलं, "शीदा तुमचीच समजा." जीभ चावली. मग म्हटलं, "हे तारोफ नाही."

३ आबान, शुक्रवार

सगळं होतं. झाड, फांद्या, मान वळवलेला पक्षी, इरजचे सगळे गोल. बुधवारीच छापून रावरच्या बसने नकाशा पाठवला. पक्षी शेवटी होते तसेच ठेवले. इतके दिवस मी त्यांची मान इकडेतिकडे करत होते, पण परत दिसले तेव्हा मला त्यांत काहीच वाकडं सापडेना.

सगळं नव्या डिस्कवर घेतलं, शीदाच्या लॅपटॉपवर घेतलं, एका स्टिकवर घेऊन तांदळाच्या डब्यात ठेवलं. इरज विचारतो, "आता पुलावात सापडणार का?"

सकीना म्हणाली, "कागद आला. पर ह्यो एक पक्षी पाठीमागं काय बघतोय?" मी म्हटलं, येतोय का कुणी ते. म्हणाली, "बरं हाय."

१७ आबान, शुक्रवार

सकीनाने फोटो पाठवला. पहिला पक्षी विणून झाला. फोन जवळ नेऊन पाहिला, लांब धरून पाहिला, इरजला उठवून दाखवला. म्हणाला, "मान सरळ आहे." एवढं त्याच्याकडून म्हणजे खूपच झालं.

संध्याकाळी माहानी मंडळी बोलणी पक्की करायला आली. तारीख ठरली, तोंड गोड झालं. आगा माहानींची नजर मात्र पुन्हापुन्हा टीव्हीकडे जात होती. जुनी डिस्क तिथेच होती, दिवा लागलेला. परवा इरजने त्याच्या मॅची दुसरीकडे हलवल्या, मी सांगितलं म्हणून. आता तिच्यात काही नाही. आणि हल्ली ती टक्‌ टक्‌ही फार करते, शीदा म्हणते तिचे दिवस भरलेत.

मी तार काढली, डिस्क डबीतून बाहेर काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "घ्या, तुमची."

ते दचकून मागे सरकले. "छे छे! नाही नाही, खानूम, देवासाठी, पुन्हा नको!"

"खरंच घ्या."

"तुमच्याच घरात शोभते हो!"

कामयारने डोळ्यांवर हात घेतला. शीदा म्हणाली, "आई!" आत्याबाईंनी मिठाईचा तुकडा तोंडाजवळच धरून ठेवला. तिसरा आग्रह मी केलाच नाही. स्वयंपाकघरात गेले, चादर आणून टेबलावर अंथरली, स्क्रू टाकायला रिकामी वाटी ठेवली, आणि त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी पण बसू का?" मी विचारलं. आत काय फिरतं ते मलाही अजून कुठे माहीत होतं!

ते सरकून बसले आणि मला जागा करून दिली.